पांदणीची बाजू

माईक हातात आला आणि रागिणीच्या तोंडचं पाणी पळालं.

सोनाळखेडच्या समाजमंदिरात ग्रामसभा भरली होती. पुढे सतरंजीवर माणसं, मागे भिंतीला टेकून बाया. बाहेर आषाढाची झड लागलेली, त्यामुळे सगळ्यांच्या अंगाला ओल्या कपड्यांचा वास. टेबलामागून सरपंच महादेवरावांनी विचारलं होतं, "पांदणीच्या वाटेचा विषय कोन मांडते?" आणि किशोरनं, तिच्या नवऱ्यानं, काठी मांडीवर आडवी ठेवून तिच्याकडे पाहिलं होतं. घरून निघतानाच तो म्हणाला होता, "माह्याच्यानं होत नाई. तू बोल. घरात तं बोलतंच."

"सन्माननीय सरपंच महोदय आणि..." रागिणी म्हणाली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. ते आलं नाही. माईक किंचाळला. तिनं तो लांब धरला, तर मागून कोणी म्हणालं, "आयकू नाई येऊन राह्यलं." जवळ धरला, तर तो मंगळसूत्रावर आपटून खटखट वाजायला लागला. ती नवऱ्याच्या पायाबद्दल बोलली, मग नाल्याबद्दल, मग परत पायाबद्दल. डोळे वरच्या पंख्यावर. आपला आवाज भोंग्यातून येताना तिला दुसऱ्याच कोण्या बारक्या पोरीचा वाटला. पुरुषांच्या बाजूला कोणी तरी फिसकन हसलं.

तेवढ्यात वामनराव उठले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. शाळेच्या समितीचे अध्यक्ष, गावातल्या प्रत्येक लग्नात आणि तेराव्याला दोन शब्द बोलणारे. ते मायेनं म्हणाले, "सूनबाई घाबरली. पानी द्या वो तिले कोनी."

पाण्याचा पेला आला. सगळ्या सभेसमोर तो प्यावा लागला. वामनरावांनी माईक कधी घेतला ते तिला कळलंसुद्धा नाही. गावानं एकमेकाला कसं सांभाळलं, जुन्या लोकांनी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, कधी भांडणं केली नाहीत, घाईत ठराव करून भावाभावात फूट पाडू नये, असं ते बोलले. कोणाला टोचेल असं एक अक्षर नाही. लोकांनी माना डोलावल्या. विषय पंधरा ऑगस्टच्या सभेवर गेला.

घरी खुशालराव ओसरीतच उभे होते. तिचे सासरे. त्यांना मुद्दाम घरी ठेवलं होतं, कारण मागच्या खेपेला ते भर सभेत वामनरावांवर चप्पल घेऊन धावले होते आणि पांदण राहिली बाजूला, गावानं महिनाभर त्या चपलेचीच गोष्ट सांगितली.

"काय झालं?"

"पुढच्या सभेवर ढकललं," किशोर म्हणाला.

"वामन्या बोलला असन."

"हो."

"अन् तुमी?"

किशोरनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. रागिणीच्या सासूबाई आशाबाई आतून म्हणाल्या, "पोरीले आंदी जेवू तं द्या." रागिणी चुलीजवळ बसली. भाकर ताटात तशीच होती. पायाचं सांगायला आपण उभे राहिलो आणि पेलाभर पाणी पिऊन खाली बसलो, एवढंच तिला दिसत होतं.

पांदण म्हणजे गावामागून निघून नाला ओलांडून वावरांकडे जाणारी वाट. एकेकाळी तिथून समोरासमोरच्या दोन बैलबंड्या जायच्या. पहिलंच वावर वामनरावांचं. दरवर्षी नांगरताना त्यांचा एखादा तास, नांगराची एखादी ओळ, वाटेत सरकला. त्यांचं पाहून दुसऱ्यांचा सरकला. उरलेल्या पट्ट्यात बाभळी माजल्या. काळी माती ती. पावसाळ्यात पाय टाकला की गुडघ्याएवढा गारा, नुसता चिखल, आणि काढला की चप्पल आतच. मागच्या दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा ट्रॅक्टर तिथं कलंडला आणि किशोरचा पाय खाली आला. अकोल्याच्या दवाखान्यात सळई घातली. तेव्हापासून डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, खुशालराव धरतात, आणि किशोर धुऱ्यावर बसून वडिलांची वाकलेली पाठ पाहतो.

*

त्याच आठवड्यात बचत गटाच्या ताईचा निरोप आला. बार्शीटाकळीला बायांसाठी शिबिर होतं. सभेत, बँकेत, साहेबांपुढे कसं बोलायचं त्याचं.

"मले नाई जाचं," रागिणी म्हणाली. "एकदा झालं तेवढं पुरे."

आशाबाईंनी परातीतून हात काढला नाही. "माहेरी पोहता येत होतं का तुले?"

"नाई."

"मंग विहिरीत कोनी ढकललं, अन् बुडता बुडता वर आली, तं लोक काय म्हनतीन? पोहाले शीक म्हनतीन का पान्याजवळ जाऊ नको म्हनतीन? जाय. सैपाकाचं मी पाह्यीन."

शिबिर घ्यायला अमरावतीहून अदिती मॅडम आल्या होत्या. वकील. वडीलही वकील. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं, पण हसणं मोकळं. त्यांनी प्रत्येकीला उभं केलं, आपलं नाव आणि गावाची एक अडचण सांगायला लावली, आणि मोबाइलवर ते टिपून तिलाच दाखवलं.

रागिणीनं स्वतःला पाहिलं. पदर मुठीत. नजर छताला. एका श्वासात सगळं, जसं कोणी मागं लागलंय.

"तुम्ही कोणाशी बोलत होतात?" मॅडमनी विचारलं.

"सभेशी."

"सभा नावाचं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. कोण बसलेलं असतं तिथं?"

रागिणीनं आजूबाजूच्या बायांकडे पाहिलं. मॅडमनी घाई केली नाही.

"कोणाचा हात वर व्हायला हवाय तुम्हाला?"

"वामनरावचा."

"तो एक हात. बाकीचे?"

बाकीच्यांचा विचार तिनं केलाच नव्हता. ज्यांची वावरं त्या वाटेवर आहेत ते हो म्हणणारच. पण ती मोजकी घरं. उरलेल्या गावाला त्या वाटेचं काय? त्यांना वामनराव जवळचे. पोराच्या दाखल्याला, दवाखान्याच्या चिठ्ठीला तेच धावतात.

"जे आधीच तुमच्या बाजूचे आहेत, त्यांच्यासाठी भाषण लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "जो काठावर बसलाय त्याच्यासाठी लागतं. त्याचं त्यात काय आहे, ते शोधा."

दुपारी त्यांनी श्वास शिकवला. उभं राहिल्यावर आधी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे, श्वास सोडायचा, एक ओळखीचा चेहरा धरायचा आणि मगच तोंड उघडायचं. वाक्य संपलं की थांबायचं. थांबल्यानं कोणी पळून जात नाही. कोणी तरी विचारलं, "मॅडम, तुमाले नाई भेव लागत?"

"पहिल्यांदा कोर्टात उभी राहिले तेव्हा इतकी भरभर बोलले, की न्यायाधीश म्हणाले, मॅडम, बस चुकतेय का तुमची?"

सगळ्या हसल्या. रागिणीही हसली. त्या दिवशीच्या पेल्यानंतर पहिल्यांदाच.

*

झड उघडली तसं निंदण सुरू झालं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याला आली होती आणि तासातासांत, ओळीओळींत, गवत मातलं होतं. सकाळी बाया निघाल्या. पांदणीच्या तोंडाशी आल्यावर सगळ्यांनी चपला काढून हातात घेतल्या, लुगडी वर खोचली, आणि एकीमागं एक, बाभळीच्या फांद्या धरत, गाऱ्यातून चालल्या. नाल्यात एकीचा पाय घसरला, दुसरीनं दंडाला धरलं. वावरात पोचेपर्यंत पिंढऱ्या भरून आल्या होत्या आणि अजून कामाला हात लागला नव्हता.

रागिणी त्यांच्याबरोबरच तासाला बसली. खुरपं चालवत म्हणाली, "मी सभेतलं बोलून पाह्यतो. तुमी आयका."

"बोल," माया म्हणाली. माया चाळिशीची, बिनजमिनीची. नवरा गेल्यापासून रोजानं जाऊन दोन पोरी शिकवत होती. गावात तिच्या जिभेला सगळे वचकून.

"सन्माननीय ग्रामस्थहो, आज या ठिकाणी..."

"कोनाचं लगन हाय वो?"

तासातल्या बाया खिदळल्या. रागिणी लाल झाली, पण थांबली नाही. किशोरचा पाय, ट्रॅक्टर, दवाखाना, सगळं सांगितलं. पायाचं ऐकून दोघीतिघी चुकचुकल्या. मायाचं खुरपं एकसारखं चाललं होतं.

"कसं वाटलं?"

"तुह्या नवऱ्याचा पाय मोडला, वाईट झालं," माया म्हणाली. "पन वावर तुमचं, माल तुमचा, पांदण तुमची. मी काहून हात वर करू?"

रागिणीला राग आला. दुपारपर्यंत ती गवत असं उपटत होती की दोनदा पऱ्हाटीच उपटली. भाकरी खायला बाभळीखाली बसल्यावर मात्र मॅडमचा प्रश्न तिला परत ऐकू आला. ती डबा घेऊन मायाजवळ सरकली.

"माया, तुले काय तरास हाय पांदणीचा?"

मायानं कांदा फोडला. "आजलोक कोनी इचारलं नाई मले."

"मी इचारून राह्यली ना."

"झड लागली की नाल्यापलीकडे कोनी बलावत नाई. वाटच नसते. मंग आमी घरी. वावरवाला म्हनते माहं पीक गवतात गेलं. माही चूल कायच्यात गेली, ते कोन म्हनते?" तिनं घास घेतला. "अन् येचणीच्या वक्ताले बंडी आत येत नाई. येचलेला कापूस डोक्यावर घेऊन सडकेलोक आमीच नेतो. येचल्याचा रोज भेटते, वाहून नेल्याचा नाई. मान पाह्य माही." तिनं पदर बाजूला केला. मानेच्या मागं कातडी राठ आणि काळी पडली होती. "मागच्या साली नाल्यात पाय घसरला. गाठोडं पान्यात. मी बी पान्यात. वर आली तं तुह्या सासऱ्यानं आंदी गाठोडं पाह्यलं. चारचौघात असं बोलला मले, की पोरीले सांगू नाई शकली घरी."

रागिणीचा हात डब्यातच राहिला. हे तिला माहीत नव्हतं.

"हे सभेत सांगशीन?"

"मी?" माया हसली. "तू शिकून आली ना बोलाले."

"माह्या तोंडून ते माह्याच घरचं होते. तुह्या तोंडून तुहं होईन."

मायानं डबा विसळला आणि तासाला जाऊन बसली.

पण दुसऱ्या दिवसापासून खेळ सुरू झाला. रागिणी बोलायची, बाया निंदायच्या. ज्या वाक्याला खुरपी थांबायची, ते वाक्य राहिलं. ज्या वाक्याला तास पुढं सरकायचा, ते गेलं. 'सन्माननीय' गेलं. 'या ठिकाणी' गेलं. "हळू, बस नाई सुटून राह्यली," हे ती स्वतःच स्वतःला म्हणायची. शेवटच्या तासातली म्हातारी ओरडायची, "मले नाई आयकू आलं," मग ती पोटातून आवाज काढायची, आणि पलीकडच्या वावरात डवरा धरलेला माणूस वळून पाहायचा. बैलही. आवाज मोठा झाला की तो कापत नाही, हे तिला वावरातच कळलं. बारीक आवाजच कापतो.

किशोरही गप्प बसला नाही. एका सकाळी तो काठी टेकत पांदणीच्या तोंडाशी गेला आणि मोबाइलवर फोटो काढून आणले. बाभळी, गारा, फसलेली बंडी, आणि एक बायांचा पाठमोरा: सगळ्यांच्या हातात चपला. शाळेच्या गुरुजींनी पडद्यावर दाखवायची व्यवस्था करतो म्हणून सांगितलं. रागिणीनं ढीगभर फोटोंतून मोजकेच ठेवले.

"एवढे काढले मी," किशोर नाराज झाला.

"लोक फोटो पाह्यत बसतीन. मले आयकतीन कवा?"

किशोरनं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "बरोबर हाय."

खरा झगडा खुशालरावांशी झाला. चौदा तारखेला संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या मी येतो. अन् तू सरळ नाव घे. म्हन, वामन्या चोर हाय. धुरा चोरला त्यानं."

"मामाजी, चोर म्हनलं की ते चोर नाई हे सांगाले उठतीन. मंग सभा त्याहिचीच होते."

"मंग का त्याची आरती करू?"

"तुमी या. पन तोंड उघडाचं नाई. उघडलं तं मी बसून जाईन."

सुनेनं असं सासऱ्याला सांगितलेलं त्या घरानं ऐकलं नव्हतं. आशाबाई कणिक मळता मळता थांबल्या. खुशालरावांनी पानाची पिचकारी अंगणात टाकली. बराच वेळ दाढीवरून हात फिरवला. "नाई उघडत," ते म्हणाले.

मायाबद्दल तिनं त्यांना काही सांगितलं नाही. माया बोलेल की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

*

झेंडा झाला. पोरांनी गाणी म्हटली, जिलेबी वाटली, आणि चिकट हातांनीच माणसं समाजमंदिरात येऊन बसली. या खेपेला बायांची संख्या जास्त होती. निंदणाची सगळी तुकडी पुढे सरकून बसली. खुशालराव खांबाला टेकले, ओठ गच्च.

नाव पुकारल्यावर रागिणी उठली. पाय टेकवले. श्वास सोडला. माईक हनुवटीखाली धरला. छाती धडधडत होतीच. ती थांबायची वाट तिनं पाहिली नाही. तिसऱ्या रांगेत पुंजाजी बसले होते. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला म्हातारा. तिनं तोच चेहरा धरला.

"पुंजाजीबाबा, आषाढात कामाले किती दिवस गेले तुमी?"

पुंजाजी दचकले. आजूबाजूला पाहून म्हणाले, "इचारू नको वो माय. घरी बसून बुढीचे बोलणे खाल्ले."

सभा हसली. रागिणीनं हसू दिलं. मग हसणं निवल्यावर म्हणाली, "काहून घरी बसले?"

"वाट कुठं हाय जाले?"

"तेच सांगाले उभी राह्यली मी. पांदण मोजून मोकळी कराची अन् वर मुरूम टाकाचा. लोक म्हनतात पांदण वावरवाल्याची हाय. माह्या घरचं वावर तिथं हाय, हे खरं. माह्या नवऱ्याचा पाय तिथं मोडला, हे बी तुमाले मालूम हाय. त्याच्यावर मी आज बोलत नाई." ती थांबली. सभेत शांतता होती, आणि त्या शांततेची तिला भीती वाटली नाही. "वावरवाला सालात चार चकरा मारते त्या वाटेनं. रोज कोन जाते? रोज या बाया जातात. पुंजाजीबाबा जातात. ज्याच्या नावावर तिथं काकरभर जमीन नाई, तो सगळ्यात जास्त चालते तिथं."

पडद्यावर तो पाठमोरा फोटो आला. चपला हातात घेतलेल्या बाया. मागच्या भिंतीकडून कोणी म्हणालं, "ते मी हाय. निळं लुगडं माहं." परत हसू झालं, पण आता माणसं पुढे वाकून पाहत होती. खुरपी थांबल्यासारखं रागिणीला वाटलं. तिनं वाक्य लांबवलं नाही.

"बाकीचं मी नाई सांगत. ज्याच्या मानेवर हाय, तो सांगन." तिनं माईक खाली धरला. मायाकडे पाहिलं, हाक मारली नाही.

माया बसूनच राहिली. एक क्षण गेला, दुसरा गेला. आता आपणच काही तरी बोलावं असं रागिणीला वाटत असतानाच माया गुडघ्यावर हात टेकून उठली. माईक तिनं घेतलाच नाही.

"मागच्या साली कापसाचं गाठोडं घेऊन मी नाल्यात पडली. बुडत होती मी. वर आली तं मालकानं इचारलं, कापूस किती भिजला." ती थांबली. "मी किती भिजली, ते नाई इचारलं. लय बोलला मले. वाट असती तं ना मी पडली असती, ना तो बोलला असता."

मालकाचं नाव तिनं घेतलं नाही. पण सोनाळखेडात कोणालाच ते विचारावं लागलं नाही. डोकी खांबाकडे वळली. खुशालरावांचं तोंड उघडलं. ते परत मिटलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

वामनरावांनी हे सगळं पाहिलं. आपल्यावर हल्ला होणार म्हणून ते तयारीनं आले होते. सदऱ्याच्या खिशात जुना नकाशासुद्धा होता. तो त्यांना काढावाच लागला नाही. ते उठले तेव्हा नेहमीचा गोड आवाज लागला नाही.

"सूनबाई चांगली बोलली," ते म्हणाले. "पन एक सांगा. मुरूम टाकून रस्ता उंच केला, की वरचं पानी अडन. ते सगळं माह्या तुरीत घुसन. तूर सडन माही. त्याचं काय?"

याची तयारी रागिणीनं केली नव्हती. वावरातल्या इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. जुना पेला डोळ्यांपुढे आला. काही तरी ठोकून द्यावं, असंही क्षणभर मनात आलं. तिनं पाय टेकवले.

"बरोबर हाय काकाजी," ती म्हणाली. "हे आमाले सुचलं नव्हतं."

सभेत कुजबुज झाली. वामनरावही गोंधळले. बरोबर आहे म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"पानी कुठून येते ते तुमाले जास्त मालूम हाय," रागिणी म्हणाली. "तुमी जागा दाखवा, तिथं रस्त्याखालून मोठा पाईप टाकाचा. तसं ठरावातच लिहू. सरपंचसाहेब, लिहिता येईन ना?"

"काहून नाई?" महादेवराव म्हणाले.

"अन् मोजणी काकाजीच्या समोर होईन. त्याहिची एक बोट जमीन जास्त जानार नाई. वाटेची तेवढी वाटेले द्या."

वामनराव उभेच होते. बसावं की बोलावं, ठरेना. महादेवरावांनी वेळ ओळखली. "हात वर करा."

आधी निंदणाच्या तुकडीचे हात गेले, मातीनं नखं काळी झालेले. मग पुंजाजी. मग पुंजाजीच्या बाजूचा, त्याच्या बाजूचा. पुरुषांच्या रांगा हळूहळू उठत गेल्या. शेवटी वामनरावांचा हात कोपरापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"वामनराव," महादेवराव म्हणाले, "हात वर हाय का खाज सुटली?"

समाजमंदिर गदगदलं. वामनरावही हसले, नाइलाजानं का होईना, आणि हात वर गेला.

ठराव वाचून दाखवेपर्यंत रागिणी उभीच होती. खाली बसल्यावर तिचे गुडघे थरथरायला लागले. मायानं तिच्या मांडीवर हात ठेवला. "आता कापून काय फायदा वो," ती म्हणाली, "झालं ना."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालराव वावरात आले ते चहाची किटली घेऊन. गाऱ्यातून किटली सांभाळत येताना त्यांचं धोतर मांडीपर्यंत भरलं होतं. चहा बायांना रोजच यायचा, पण तो आणायचं काम त्यांचं कधी नव्हतं. त्यांनी पहिला कप भरला आणि तास ओलांडून मायापुढे धरला.

मायानं कप घेतला, वास घेतला. "साखर हाय का नाई याच्यात?"

"हाय," खुशालराव म्हणाले. "तुही... मान कशी हाय आता?"

"हाय तशीच." तिनं घोट घेतला. "पन इचारलं, बरं झालं."

तासातल्या कोणी मान वर केली नाही. सगळ्या फुंकर मारत चहा पीत राहिल्या.

पोळ्यानंतर मोजणीदार आला. किशोर काठी टेकत पुढे गेला होता, महादेवराव खुंट्यांचा भारा घेऊन उभे होते. वामनराव नाल्याजवळ एकटेच होते, पाईप कुठं हवा ती जागा पायानं दाखवत. टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं. दुसरं धरायला खुशालरावांना जायचं होतं. रागिणी आणि ते पांदणीच्या तोंडाशी पोचले, आणि खुशालराव तिथंच अडले.

"काय झालं मामाजी?"

"बारा-पंधरा सालात त्याच्याशी शिवीबिगर बोललो नाई मी," ते पुटपुटले. टोपी नीट केली, परत तिरपी केली. मग तिच्याकडे न पाहता विचारलं, "सूनबाई, सुरुवात कशी कराची?"

रागिणीला हसू आलं. ते तिनं पदरात लपवलं नाही.

"रामराम म्हना," ती म्हणाली. "पुढचं पुढं निंगते."

खुशालराव गाऱ्यात उतरले. चालताना एकदा त्यांनी घसा खाकरला, एकदा थांबले, आणि मग त्यांचा मोठा, राकट आवाज नाल्यापलीकडच्या वावरांपर्यंत गेला.

"रामराम, वामनराव!"

वामनरावांनी मान वर केली. टेपचं टोक त्यांच्या हातातून जरासं ढिलं झालं. मग त्यांनी ते ताणून धरलं.

"रामराम. या. इकडून धरा."